दमट हवेतला कूलर

विनयदादा,

आईबाबांसाठी तू ग्रेटर नोएडाच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत निवडलेलं घर मला नको होतं. आठवडाभर राहून बघतो म्हणत बाबांनी दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आपल्या घरचा कूलर तिथे नेला. दमट हवेत तो गारवा देत नाही, हे मी आकृती काढून समजावलं होतं.

"नागपूरच्या माणसाला कूलर शिकवतेस?" ते म्हणाले.

आज मी त्यांना परत आणायला गेले. कूलरसमोर घामेजलेले शेजारी रमी खेळत होते. बाबांच्या निवृत्तीपासून गप्प झालेली आई ओरडत होती, "भाटियाजी, पत्ता मत छुपाइए."

"चला घरी," मी म्हटलं.

"घरीच आहोत. दार लाव, हवा बाहेर जातेय," बाबा म्हणाले.

दार लावलं की कूलरने आणखी उकडतं. मी दार लावलं आणि पत्ते हातात घेतले.

उद्या घराचा करार करते. फोनवर तुला एवढंच सांगेन. हे पत्र माझ्याकडेच राहील.

घामाघूम,
लुंबिनी