दहापैकी किती?

२१ मार्च, शुक्रवार
पेपरात सुखी देशांची यादी आलीय. फिनलंड पुन्हा पहिला, आपण शंभराच्याही खाली! माझा नवरा रंगनाथ चहा पिता पिता हसला — "तिकडं म्हातारे एकटे मरतात. आपल्याकडं माणसं माणसांना धरून राहतात." स्वतःच्या आईला भेटायला मात्र याला दिवाळी उजाडावी लागते. सध्या माझं कामच हे आहे — एका संस्थेसाठी दारोदार विचारत फिरायचं, आयुष्यावर किती खूश आहात, दहापैकी आकडा सांगा.

२४ मार्च, सोमवार
घोटीला गेले. फॉर्मवर ठळक छापलंय — माणसाला एकटं गाठून विचारा. एकटं! आपल्याकडे माणूस एकटा सापडतो कुठे? फुलाबाई नावाची म्हातारी होती. तिने तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "नऊ लिहा. तिला काय कमी हे?" म्हटलं, मला त्यांना एकटीलाच विचारायचंय. सगळं घर माझ्याकडे चोराकडे बघावं तसं बघायला लागलं. "आमच्यात लपवाछपवी नाय, ताई." लिहिलं नऊ. काय करणार?

दिवसभरात अकरा घरं केली. बहुतेक ठिकाणी नऊ, नाहीतर दहा. इतकी सुखी माणसं, आणि यादीत आपण तळाला! कमाल आहे.

२७ मार्च
एका बाईने मलाच विचारलं, "तुमचे किती?" हसून टाळलं.

३० मार्च, पाडवा
विंचूरला भावाकडे, धनराजकडे गेलो. आईची खाट आता पडवीत आलीय, कांद्याच्या गोण्यांशेजारी. "पोरांना अभ्यासाला खोली लागते ना," वहिनी म्हणाली. आई सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसली तेव्हा श्रीखंड संपलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही उशिराच आलं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर पडवीत फॉर्म काढला. गंमत म्हणूनच! आईने आधी घरात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "दोन लिही. तेबी तू आली म्हणून."

मी म्हटलं, चल माझ्याकडे.

"लेकीच्या दारात म्हातारपण काढू? लोक धनराजच्या तोंडात शेण घालतील." तरीही त्याचीच काळजी!

निघताना राहवलं नाही. भर अंगणात, शेजाऱ्यांसमोर धनराजला सुनावलं — दोन म्हणाली आई, दोन! त्याचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं. आईने मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

३१ मार्च
रंगनाथला विचारलं, आईला इकडे आणू का? "आण की. राहू दे चार दिवस." चारच का, हे मी विचारलं नाही.

२ एप्रिल, बुधवार
धनराजचा फोन. आवाज एकदम गोड. "आईला बोलायचंय." फोन स्पीकरवर होता. मागे वहिनी कुणाला तरी "हळू बोला" म्हणत होती.

"माझं दहा लिही गं," आई म्हणाली. "त्या दिवशी उन्हानं डोकं फिरलं व्हतं. आन् आता काही दिवस येऊ नको."

एकटीला विचारलं म्हणून तर ती खरं बोलली होती. आणि मी ते गावभर केलं! जीभ हासडून टाकावी माझी.

३ एप्रिल
दोन खोडलं, दहा लिहिलं. सुटल्यासारखं वाटलं. आता तिला इकडे आणायला नको.