वीस विद्यार्थी आणि अठ्ठावीस किलो वांगी

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्राचार्यांनी बोलावलं. चहा आला नाही, म्हणजे विषय गंभीर.

कला आणि वाणिज्यच्या प्रथम वर्षाच्या मुलांना दुसऱ्या सत्रात एक ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागतो. आपल्या शाखेबाहेरचा एक विषय, जो आवडेल तो. त्या यादीत माझा ‘दैनंदिन जीवनातील गणित’ आहे. प्राचार्य म्हणाले, “प्रेमराज सर, बी.एस्सी.ला गणित घेणारे आता तिघेच राहिले. तुमचे तास भरत नाहीत. इलेक्टिव्हला वीस पोरं आली तर ठीक, नाहीतर गणित विभाग बंद करावा लागेल. संस्था तुम्हाला धुळ्याच्या ऑफिसात आवक-जावकला बसवेल.”

मी हसलो. बावीस वर्षं कॅल्क्युलस शिकवलेला माणूस वीस या आकड्याला घाबरत नाही. गेल्या वर्षी सहा आले होते, पण तेव्हा मी प्रयत्न केला नव्हता.

संकल्प: वर्गात “हे तर सोपं आहे” म्हणायचं नाही. रोज पाच विद्यार्थ्यांना नावाने हाक मारायची.

१८ नोव्हेंबर

पाच जणांना नावाने हाक मारली. चौघांची नावं वेगळी निघाली. पाचवा आपल्या कॉलेजचा नव्हता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

एफ.वाय.बी.ए.च्या वर्गात प्रचाराला गेलो. पंचेचाळीस मिनिटं मागितली होती, सात मिळाली. गणित सर्वत्र आहे, झाडाच्या पानात आहे, श्वासात आहे, असं सांगितलं. मागून एकाने विचारलं, “सर, परीक्षा शे का?” म्हटलं, आहे, पण सोपी आहे. (संकल्प मोडला. वर्ग माझा नव्हता, म्हणून मोजायचा नाही.) तो म्हणाला, “फोटोग्राफीले नही शे.”

मोबाईल फोटोग्राफी हा कॉमर्सच्या कुंदन सरांचा विषय. वय बत्तीस, फोनला तीन कॅमेरे. गुणी मुलगा आहे. त्याच्या विषयाला कोणी जाणार नाही याचं वाईट वाटतं.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

गावी गेलो. चातुर्मासापासून वांगं सोडलं होतं, तो नेम आज सुटला. देवळात खंडोबाला कौल लावला. पुजाऱ्याने दोन्ही बाजूंना फुलं लावली. उजवं पडलं तर होकार. मनात विचारलं, देवा, पोरं येतील का? डावं पडलं. दुसऱ्यांदा डावं. तिसऱ्यांदा उजवं. पहिली दोन निरीक्षणं सोडून देण्यासारखी होती, पुजाऱ्याचा हात लागला असावा. देवाने होकार दिला. डोळे भरून आले.

नैवेद्य भरीत-भाकरीचा. थोरल्या भावाच्या, झुलालभाऊंच्या अंगणात बसलो तर वासावर निम्मी गल्ली जमा झाली. बोलावलं कोणालाच नव्हतं. तिथेच मला सुचलं. पोरं भरिताला येतात. मी भरीत दिलं तर पोरं माझ्याकडे येतात. माझ्याकडे आली म्हणजे गणिताकडे आली. ट्रान्झिटिव्ह रिलेशन. बावीस वर्षं शिकवतोय, वापरलं कधीच नव्हतं.

घरी कोकिळाला सांगितलं. ती म्हणाली, “मला तुम्ही आवडता. तुम्हाला गणित आवडतं. मग मला गणित आवडतं का?”

तिला काउंटर-एक्झाम्पल द्यायची जुनी सवय आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

प्राचार्यांनी भरीत पार्टीला परवानगी दिली. कागदावर ‘क्षेत्रभेट’ लिहायला सांगितलं. सात तारखेला, झुलालभाऊंच्या शेतात. गणित केलं: माणशी सहा पुऱ्या, साठ मुलं, तीनशे साठ. वर्तुळाचे अंश! हा योगायोग नाही.

वांगी अठ्ठावीस किलो. झुलालभाऊ म्हणाले, “वांगा माना, काड्या मान्या, जागा मानी. तुनं काय शे?” म्हटलं, भाऊ, माझा विषय आहे. ते म्हणाले, “तो बी लयजो, टोपलीमा जागा शे.”

३ डिसेंबर

एक अडचण लक्षात आली. साठाच्या वर प्रवेश झाले तर बसवायचं कुठे? वर्ग क्रमांक नऊमध्ये बाक तीसच आहेत. ऑफिसात शालिग्राम नानांकडे सेमिनार हॉल मागितला. ते नोंदणीचं पोर्टल सांभाळतात. चष्म्यावरून बघत म्हणाले, “सर, आधी पोर्टल तर उघडू द्या.” दूरदृष्टी नसली की माणूस क्लार्क राहतो. (हे लिहायला नको होतं. उद्या त्यांना स्वतःहून नमस्कार करणार.)

मेरिट लिस्टचे निकष ठरवले. नाकारलेल्या मुलांसाठी सांत्वनाचं पत्रही लिहून ठेवलं. वाचताना मलाच गहिवरून आलं.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी ६

आंघोळ, पूजा झाली. व्हाइटबोर्ड, चार मार्कर, भाषणाचे कागद पिशवीत. आज आवाज चढवायचा नाही.

७ डिसेंबर, सायंकाळी ७

प्रचंड यश!

एकसष्ट मुलं आली. बोर्ड बाभळीला बांधला, वर लिहिलं, ‘गणित म्हणजे काय?’ तेवढ्यात कपाशीच्या काड्यांनी पेट घेतला, वांगी आत गेली आणि धूर सगळा माझ्याकडे आला. प्रस्तावना डोळे मिटून केली. उघडले तेव्हा बोर्ड नव्हता. झुलालभाऊ त्याने जाळाला वारा घालत होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुऱ्या माणशी सहा नाही, अकरा लागल्या. कोकिळा आणि वहिनी शेवटपर्यंत तळत होत्या. कोकिळा माझ्याकडे बघत नव्हती, धुरामुळे असेल.

कुंदन सर आले होते. दुसरा असता तर आला नसता. म्हणाले, “सर, विभागाच्या अहवालासाठी फोटो काढू?” म्हटलं, मनसोक्त काढा. वांग्याची साल सोलताना निघणारी वाफ, मिरची ठेचणाऱ्या वहिनींचे हात, जाळापलीकडे हसणाऱ्या पोरी. जमिनीवर आडवे होऊन काढत होते. पोरांचा घोळका त्यांच्या मागे.

बी.ए.ची एक मुलगी, आयत, पुरी हातात घेऊन माझ्याकडे आली. तिचे वडील जहांगीरभाई फरशी बसवायचं काम करतात. तिने विचारलं, “सर, चौकोनी फरशी बसते, सहाकोनी बसते. पाचकोनी का बसत नाही? अब्बू म्हणतात कंपनी बनवत नाही म्हणून.” मी घाईत होतो. म्हटलं, नंतर सांगतो, आधी भरीत घे.

निघताना प्रत्येकाला विचारलं, विषय कोणता घेणार? एकसष्टच्या एकसष्ट जण म्हणाले, “तुमचाच, सर.” काही जण ढेकर देत म्हणाले, पण म्हणाले.

झुलालभाऊ भांडी घासत म्हणाले, “बठ्ठा खाई गयात रे, नाव एकनी बी लिखं नही.” शेतकऱ्याला ऑनलाइन प्रक्रिया समजत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

पोर्टल उघडलं. गणित: ०. फोटोग्राफी: ४१.

सर्व्हर डाउन असणार.

कॉलेजच्या ग्रुपवर कालचा व्हिडिओ फिरतोय. वांगं स्लो मोशनमध्ये फुटतं, मागे सनई. बघून मन भरलं. कुंदन सरांना हृदय पाठवलं. कोकिळाने फोन हातात घेतला, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, “खाली काय लिहिलंय ते वाचलं का?” खाली लिहिलं होतं: ‘असं काढायला शिकायचंय? ओपन इलेक्टिव्ह क्रमांक सात, मोबाईल फोटोग्राफी.’

हृदय परत घेता येतं का, उद्या विचारायचं.

९ डिसेंबर

गणित: १.

शून्यावरून एक म्हणजे वाढ किती टक्के? भागाकारच करता येत नाही, इतकी मोठी.

१० डिसेंबर

गणित: ३. एका दिवसात तिप्पट. या वेगाने उद्या नऊ, परवा सत्तावीस. परवा संध्याकाळी पेढे. शालिग्राम नानांना हे समजावलं. ते म्हणाले, “सर, तुम्हीच शिकवता ना, दोन बिंदूंवरून हवी तशी वाकडी रेघ काढता येते?” मी असं कधी शिकवलं, आठवत नाही. नानांचा मुलगा माझा विद्यार्थी होता.

११ डिसेंबर

गणित: २. एकाने नाव काढलं. त्याला गायन घ्यायचं होतं, बोट खालच्या ओळीवर पडलं. आवाज चांगला असेल तर बरंच आहे.

१२ डिसेंबर

आज सत्तावीस व्हायचे होते. गणित: १. गेलेला मुलगा जिन्यात भेटला. संकोचून म्हणाला, “सर, मित्र बठ्ठा फोटोग्राफीले शेतस.” त्याला म्हटलं, जा बाबा, मित्र महत्त्वाचे. खरंच वाटलं तसं.

एक कोण, हे नानांनी सांगितलं. आयत.

१३ डिसेंबर, शनिवार

पोर्टल बंद. गणित: १. फोटोग्राफी: ११८.

संध्याकाळी देवापाशी बसलो. तक्रार नव्हती, हिशोब नीट व्हावा म्हणून. कौल खोटा कसा निघाला? मग लक्षात आलं. मी फक्त ‘पोरं येतील का’ एवढंच विचारलं होतं. एकसष्ट आली. कुठे यावीत, ते मी सांगायचं राहिलं. प्रश्न अपुरा असेल तर उत्तराला दोष देता येत नाही. हे मी दर वर्षी पेपर तपासताना म्हणतो.

कोकिळाने धुळ्याच्या बसची वेळ विचारून ठेवली आहे. ६.४०ची. जेवणाचा डबाही निवडला आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

प्राचार्यांनी बोलावलं. चहा आला, बिस्किटंही. निरोपाची असावीत म्हणून खाल्ली नाहीत.

प्राचार्य म्हणाले, संस्थाध्यक्षांनी व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. गणिताची नोंदणी रद्द, त्या जागी नवा इलेक्टिव्ह: ‘खान्देशी खाद्यसंस्कृती, परिचय व प्रात्यक्षिक’. शिकवणार मी. तास भरले. धुळे टळलं. विभागाच्या खोलीला कुलूप लागणार नाही, फक्त कपाटात पीठ ठेवावं लागेल. तिघांचं रिअल अ‍ॅनालिसिस त्याच खोलीत, उरलेल्या जागेत.

मी म्हटलं, सर, मला फक्त खाता येतं. ते म्हणाले, “कोकिळावहिनींना विचारा. हे तर सोपं आहे.”

१७ डिसेंबर

नवं पोर्टल सकाळी अकराला उघडलं. सव्वाअकराला साठ जागा भरल्या. प्रतीक्षा यादीत चौतीस. मेरिट लिस्ट लावावी लागली. मी म्हणालोच होतो. सांत्वनाचं पत्रही वाया गेलं नाही, फक्त ‘गणित’ खोडून ‘भरीत’ लिहिलं.

शालिग्राम नानांनी न मागता सेमिनार हॉल दिला. त्यांना नमस्कार करायचा राहिला होता, तो केला.

५ जानेवारी, सोमवार

पहिलं प्रात्यक्षिक. विषय: कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या. रात्रीच्या स्वयंपाकात कोकिळाने तीन वेळा शिकवलं होतं, चौथ्यांदा हात जोडले. वर्गात साठ मुलं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी पुरीचा व्यास सांगितला, त्यांनी लिहून घेतला.

आयत पहिल्या बाकावर. तिचा विषय रद्द झाला, म्हणून नानांनी तिला इकडे टाकलं. मीच तिच्यापाशी गेलो. म्हटलं, त्या दिवशीचं उत्तर राहिलं आहे. लाटलेल्या पोळीतून सुरीने पंचकोन कापले. तीन एका बिंदूपाशी जोडून ठेवले. एकशे आठ तीन वेळा, तीनशे चोवीस. छत्तीस अंशांची फट. चौथा बसत नाही. मग षटकोन कापले, तीन ठेवले. फट नाही. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मी हळूच चौथा पंचकोन उचलून तिच्या हातात दिला. तिने स्वतः फिरवून बघितला. म्हणाली, “म्हणजे कंपनीचा दोष नाही.”

नाही, म्हटलं. कोणाचाच नाही.

बघता बघता भोवती पंधरा-वीस जण जमले. मी मोजले, बरोबर वीस. सगळे शांतपणे पाटावर बघत होते. मार्कर शोधायला मी खिशात हात घातला.

मागून एक पोरगी म्हणाली, “सर, या तळायच्या का?”

तळल्या. पाचकोनी फुगत नाहीत.