तिच्या परतीची जबाबदारी

३ जुलै, सोमवार
प्राचार्यबाईंनी बोलावलं. गंभीर मानसिक आजारामुळे शिक्षण सुटलेल्या मुलांना परत वर्गात आणायचंय. त्याचा समन्वयक मी. मीच का, विचारलं. म्हणाल्या, बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं. विश्वास लागतो माणसावर!

४ जुलै
बायको मनोरुग्णालयात नर्स आहे. म्हटलं, सल्ला लागला तर विचारीन. म्हणाली, आत्ताच विचार. मी आधी स्वतंत्र विचार करणार आहे.
संकल्प: या विषयावरचं जाडजूड पुस्तक आठवड्यात संपवणे.

१० जुलै
पहिली विद्यार्थिनी आली. दुसरं वर्ष. दीड वर्ष घरी, त्यातले चार महिने हॉस्पिटलात. कानात आवाज यायचे, तिनेच सांगितलं. आता बरेच कमी आहेत. गोळ्यांनी सकाळी डोकं जड होतं, म्हणून पहिला तास नको. आणि लक्ष उडालं तर नोट्स मिळाव्यात. एवढंच मागणं. मी चाळीस मिनिटं धीर दिला. सोबत आलेले वडील सारखे घड्याळ बघत होते. भारावले असावेत.

१२ जुलै
वर्गात जाहीर केलं की तिच्याकडे कोणीही टक लावून बघू नये. सगळे वळून बघायला लागले. मुलांना शिस्तच नाही.
रात्री बायको म्हणाली, उद्या जाऊन माफी माग.

१३ जुलै
मागितली. ती म्हणाली, “असू दे, सर. निदान सगळ्यांचं बघून झालं.” किती सकारात्मक!

२ ऑगस्ट
पुस्तक: पान १९. प्रस्तावनाच लांबलचक.
वेळापत्रक बदलायला समिती नेमणार होतो. तेवढ्यात ऑफिसातल्या क्लार्कने ते दहा मिनिटांत बदलून टाकलं. नोट्सचं ग्रंथपालबाईंनी परस्पर जमवलं. लोकांना धीरच नाही.

२१ ऑगस्ट
मी मात्र मुळावर काम करतो. माझ्या संख्याशास्त्राच्या तासाला तिला कसलाही ताण नाही. हात वर केला की हसून म्हणतो, तू आराम कर. गृहपाठ नाही, चाचणी नाही. बाकीचे मास्तर तिच्या वह्या लाल करतात. दगड आहेत.

१९ सप्टेंबर
चार दिवस ती गैरहजर. बायकोने विचारलं, फोन केलास का? कधी करणार? प्राचार्यबाईंसाठी अहवाल लिहीत होतो. पान सात.
फोन ग्रंथपालबाईंनी केला होता. आवाज पुन्हा वाढले होते, डॉक्टरांनी गोळी बदलली, सोमवारी येतेय. म्हणजे माझी यंत्रणा चालते आहे.

२० नोव्हेंबर
परीक्षा संपली. सगळे पेपर दिले तिने. अहवालात ‘शंभर टक्के यश’ लिहून ठेवलं.

१५ डिसेंबर
निकाल. सहापैकी पाच विषय सुटले. राहिला तो माझा.
दुपारी ती आली. मी समजूत घालायला लागलो, तर म्हणाली, “सर, ते राहू द्या. फेरपरीक्षा फेब्रुवारीत आहे. तोवर मला शिकवाल का? चुकलं तर चुकलं म्हणा.”
फळ्यावर एक उदाहरण घातलं. तिने तिसऱ्या ओळीत चूक केली. मी चुकलं म्हटलं. तिने पुसून नीट केलं.
मग म्हणाली, “सर, पण उदाहरणच चुकलंय.”
बघितलं. चुकलं होतं.