हातचाकाची कड

१२ जाने. १९९६, केडगाव
कुसुमला पुण्याला मुलीकडे, सुनीकडे जाऊन आज चार महिने. तिचं बाळंतपण दिवाळीतच उरकलं. परत यायचं नाव नाही.
तिच्या शिलाई मशीनचं हातचाक कपाटावरून खाली घेतलं. दोन वर्षं सुटं पडलंय. कडेचं क्रोम उडालेलं, एका ठिकाणी चिंचोक्याएवढं. प्लेटिंगवाल्याकडे टाकू म्हणत होती. मी नको म्हणालो. आयटीआयचं तोंड न बघता नागापूरला कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस मी. चाकासाठी दुसऱ्याच्या दारात? मीच खोललं. मग राहिलंच. तिचं ब्लाउजं शिवणं तेव्हापासून बंद.

१४ जाने.
क्रोमची सुटी पापुद्री ब्लेडनं उचलली. मग पॉलिश पेपर, पाणी लावून. आधी दोनशेवीस नंबर, चारशे, मग सहाशे. डोळे मिटून नख फिरवायचं, अडकता कामा नये. अडकतंय.
जेवण: सकाळचीच भाकरी.

१७ जाने.
थिनरनं पुसलं. प्राइमर. त्यावर सिल्व्हरचे दोन पातळ हात. वीतभर लांबून सांधा ओळखू येत नाही. दाखवायला घरात कुणी नाही. शेजारच्या शेवंताबाई तिळगूळ द्यायला आल्या, त्यांनाच दाखवलं.
"चांगलं हाय की. बसवा आता."
उद्या बसवतो, म्हणालो.

१८ जाने.
वरून लॅकरचा, पारदर्शक रोगणाचा, एक हात मारला, टिकावं म्हणून. खालचं नीट वाळलं नव्हतं. सगळी चमक गेली. ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यासारखं झालं. सगळं खरवडून काढलं. पुन्हा पहिल्यापासून. कालच बसवायला हवं होतं.

२० जाने.
कुसुमचं पत्र. "चाक झालं असेल तर कळवा. ४ तारखेला रविवारी जावई टेम्पो आणतील. इथं बिल्डिंगमधल्या बायका ब्लाउजं मागतात. झालं नसेल तर राहू द्या, इकडंच एखादी जुनी मशीन बघू."
स्वतः येण्याबद्दल अक्षर नाही. मागची बाजूही पाहिली.
म्हणजे चाक झालं तर मशीन जाणार. मशीन गेल्यावर तिला इकडं यायला...

२२ जाने.
आज कामावर गेलो नाही. घासत बसलो. शेवंताबाई कालवण घेऊन आल्या.
"अजून त्येच घासताय व्हय, भाऊजी?"
म्हटलं, रंगाची छटा जुळत नाही.
"कुसुमताईला कुठं चमक पायजे हुती? त्या कडंनं तळहात कापायचा तिचा. एकदा गिऱ्हाइकाच्या पोलक्याला रगात लागलं. घरचं कापड घालून नवं शिवून दिलं तिनं. तुमाला न्हाई सांगितलं?"
नाही, म्हणालो.
"सांगितलं असंल. तुमी भिंग लावून बसला असाल."
त्या गेल्यावर आठवलं. "लागतं हो ते" कुसुम म्हणाली होती. मी म्हणालो होतो, लागणारच, थांब, नीट करतो. हात दाखव म्हणालो नव्हतो.
कडेची धार घासून मोडायला दहा मिनिटं पुरली असती. ती तर १४ तारखेलाच गेली होती... असो.

२३ जाने.
प्राइमर, सिल्व्हर. लॅकर नाही.

२४ जाने.
चाक बसवलं. तेल दिलं, पट्टा चढवला. चिंधीवर टीप घातली, सरळ आली. खिडकीच्या उजेडात डाग ओळखू येतो. येऊ दे.

२५ जाने.
दुपारी अंतर्देशीय घेऊन बसलो. "अजून झालं नाही" लिहिलं असतं तर मशीन इथंच राहिली असती. झालेल्या कामाला झालं नाही म्हणणं आजवर जमलं नाही.
लिहिलं: "चाक झालं. माझ्या हाताला लागत नाही. पण माझे तळहात लेथचे, राठ. त्यांचा भरवसा नाही. तू येऊन फिरवून बघ, मग टेम्पो सांग."
शेवटचं वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. चिकटवलं.
टपालपेटी चारला उघडतात. साडेतीन झालेत. चप्पल घातली आहे.