कपाटावरचा दीर्घ उकार

२ मे १९८९, मंगळवार
आजपासून रोजनिशी. वाचनालयातलं किशोर विभागाचं कपाट तात्यांनी माझ्या ताब्यात दिलं. तात्या वाचनालयाचे चिटणीस. मी मदतनीस, तोही हंगामी. कपाटात दोन प्रकारच्या कादंबऱ्या आहेत. एक अद्भुत: जादू, राक्षस, उडती राज्यं. दुसऱ्या भविष्यातल्या वाईट राज्यांच्या: सगळीकडे पहारे, सगळे दुःखी. आठवी ते दहावीच्या मुलांनी त्या वाचाव्यात अशी अपेक्षा आहे. मुलं येत नाहीत.

तात्या म्हणाले, केसरीनाथ, अठरा जूनला कमिटीची मीटिंग. तोवर मुलं आली तर कपाट राहील, तूही राहशील. नाहीतर त्या जागेत सतरंज्या ठेवू.

मी राहिलो नाही तर राहनाळला लडकूमामाचं गोडाऊन. तिथे गोण्यांवर ‘सूत’ ऱ्हस्व लिहितात. मी दहावी नापास आहे, पण गणितात. मराठीत नाही.

संकल्प: प्रत्येक मुलाचा स्वभाव ओळखून पुस्तक सुचवायचं. त्यासाठी सगळं कपाट आधी स्वतः वाचायचं.

४ मे
‘खवल्यांचा राजा’ वाचायला घेतली. पहिल्याच पानावर ‘आशिर्वाद’. पेन्सिलीने दुरुस्त केला. मग ‘क्रुर’. मग ‘परिक्षा’. दिवसभरात नऊ पानं झाली. गोष्ट काय आहे ते कळलं नाही, पण नऊ पानं शुद्ध झाली.

नवी पद्धत: पहिलं पान आणि शेवटची ओळ. अनुभवी ग्रंथपाल असंच करत असणार.

६ मे, शनिवार
कपाटावर पाटी. नवशा पेंटरला पडघ्याहून बोलावलं. तो ट्रकच्या मागे लिहितो. मी कागदावर सुवाच्य लिहून दिलं होतं: अद्भुत कादंबऱ्या. त्याने लिहिलं ‘अद्भूत’. उरलेल्या लाल रंगात. रंग पातळ होता, प्रत्येक अक्षराला खाली ओघळ आले.

मी चूक दाखवली. म्हणाला, भूत दीर्घच ना? मी म्हटलं हो, पण हा शब्द वेगळा. म्हणाला, म्हंजे यात भूत हाय का न्हाय? मी म्हटलं नाही. पाटीकडे मान तिरकी करून म्हणाला, मला तं दिसतंय. आणि डबा घेऊन गाडी पकडायला गेला.

तात्या म्हणाले, राहू दे रे, एवढं कोण बघतंय.
मी बघतोय.

९ मे
मुलं आली. एकदम घोळका. परवा रिक्षा स्टँडवर मी दोघांना वाचनाचं महत्त्व सांगितलं होतं, त्याचाच परिणाम. ते तेव्हा रिक्षा शोधत होते, पण कान माझ्याकडे होते.

चंद्रा नावाची मुलगी आली, लूमच्या गल्लीतली, नववीत जाणारी. तिने विचारलं, दादा, जास्त भीतीचं कुठलं? मी तिचा स्वभाव ओळखला. गंभीर. ‘अखंडनगर’ दिली. त्यात मशीन कधीच थांबत नाहीत असं शहर आहे (पहिलं पान). घाबरू नकोस, शेवट गोड आहे, असंही सांगितलं. शेवटची ओळ: ‘आणि सगळीकडे शांतता पसरली.’

१३ मे
चंद्राने पुस्तक टेबलावर आपटलं. म्हणाली, सगळे मरतात. मी म्हटलं, पण शांतता पसरते. म्हणाली, दादा, शांतता म्हणजे मशीन बंद. आमच्याकडे लाइट गेली की लूम थांबतात, पाळण्यातली पोरं दचकून उठतात आणि आई देवाला हात जोडते. तुम्हाला यात गोड काय वाटलं?

शिवाय म्हणाली, यातल्या माणसांना नाव नाही, मशीनचा नंबर आहे. माझ्या बाबांना शेठ चार नंबर म्हणून हाक मारतो. मग यात काल्पनिक काय?

मी म्हटलं, मुद्रितं नीट तपासलेली नसावीत.

तरी दुसरं पुस्तक नेलंच. जाताना विचारलं, यात तरी आहे ना ते? मी म्हटलं, आहे. ‘ते’ म्हणजे साहित्यमूल्य, असा माझा अंदाज.

१९ मे
कपाट निम्मं रिकामं. पोरं पुस्तक नेतात, दोन दिवसांत परत आणतात, यात नाही म्हणतात, दुसरं नेतात. अशी ज्ञानाची भूक मी पाहिलेली नाही. अंजूरहून सुद्धा दोघं आले. तात्यांनी स्वतःहून चहा सांगितला. म्हणाले, जमलं बुवा तुला.

फक्त ती पाटी. ज्या विभागाचं एवढं नाव झालं, त्याच्या कपाळावर चूक. संकल्प: दुरुस्ती.

२२ मे, सोमवार
आज वाचनालय बंद. पाटी खाली उतरवली. पांढऱ्या रंगाने सगळं पुसलं, काळ्या रंगाने नव्याने लिहिलं. उकार ऱ्हस्व. ओघळ नाहीत. पट्टी लावून लिहिल्यामुळे पाटी मामलेदार कचेरीतल्यासारखी दिसते. खूप दिवसांनी जेवण गेलं.

२४ मे
कोणी नाही. लग्नसराई आहे.

२७ मे
एक मुलगा आला. पाटी वाचली, गेला. उकाडा फार.

३१ मे
कोणी नाही. लाइट नव्हती. पुस्तकाला लाइट लागत नाही दिवसा, पण मुलांची मनःस्थिती बिघडते.

३ जून
तात्यांनी विचारलं, गर्दी कुठे गेली? मी क्रिकेट म्हणालो. तात्या हं म्हणाले आणि कपाटाची रुंदी वितीने मोजली. सतरंज्या उभ्या ठेवायच्या की आडव्या, असं स्वतःशीच पुटपुटले.

लडकूमामाचा निरोप आला आहे. यायचं तर लवकर ये म्हणतो, पावसाआधी गोण्या हलवायच्यात.

६ जून
चंद्रा पुस्तक परत द्यायला आली. बाकीचे का येत नाहीत, असं सहज विचारलं. म्हणाली, भुतांची पुस्तकं संपली ना. मी म्हटलं, भुतांची पुस्तकं नव्हतीच. म्हणाली, पाटीवर होतं की. अद् आणि मग भूत. लाल, रक्त गळणारं. आम्ही सगळे तेच शोधत होतो. यात नाही, तर पुढच्यात असेल. मग तुम्ही ते पुसलंत.

मी तिला रिक्षा स्टँडबद्दल विचारलं. कुठला स्टँड, म्हणाली.

पुढे म्हणाली, भूत नाही मिळालं, पण खवल्यांचा राजा भारी होती. तुम्ही वाचलीय ना? हो म्हटलं. मग सांगा, राजाला कोण मारतं?

मी म्हटलं, शेवटी शांतता पसरते.

तिने माझ्याकडे बघितलं. हसली नाही, याचंच वाईट वाटलं.

७ जून
दिवसभर विचार. भूत दीर्घ. भुताला, भुतांची ऱ्हस्व. अद्भुत कायम ऱ्हस्व. नियमात कुठेही पळवाट नाही.

१० जून, शनिवार
नवशाला निरोप धाडला होता. उलट निरोप आला, येल न्हाय, ट्रक लायनीत लागलेत. म्हणून स्वतः केलं. लाल रंग. पहिली अक्षरं बरी आली. उकाराशी हात थांबला. मग दीर्घ काढला, चांगला लांब शेपटीचा. रंग घट्ट होता, ओघळ येईनात. टर्पेंटाइन घातलं, तरी एकच आला. बाकीचे ब्रशने काढले.

पाटी वर टांगली आणि हात धुतले. दोनदा.

१४ जून
शाळा सुरू झाल्या तरी मुलं आली. आधी तिघं, मग त्यांचे मित्र. जमिनीवर बसून वाचतात. मी कोणालाही काही सुचवलं नाही. कोपऱ्यात बसून ‘खवल्यांचा राजा’ पूर्ण केली. पेन्सिल खिशातच ठेवली होती. राजाला त्याची मुलगीच मारते. ते पान पुन्हा वाचलं. चंद्राला जाऊन सांगितलं. म्हणाली, आता वाचलीत होय.

१८ जून, रविवार
मीटिंग. चिंतामणी सर अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. आत आले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी मुलं. सर खूश. कपाट राहील, मदतनीसही राहील, असं उभ्याउभ्याच म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं.

हे कोणी लिहिलं?

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवशाचं नाव ओठांवर आलं होतं. पण तो उकार माझाच. मी म्हटलं, मी.

सर म्हणाले, दुरुस्त करून घ्या. खालून चंद्रा म्हणाली, पाटी नका बदलू सर, आम्ही अजून शोधतोय. काय शोधताय ते सरांना कळलं नाही, पण मुलं काही शोधतायत म्हटल्यावर ते विरघळले. राहू दे म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवून तात्यांना म्हणाले, पोरगा कामाचा आहे, नुसतं लिहिणं कच्चं.

नंतर इतिवृत्त माझ्यापुढे सहीला आलं. ठराव: मदतनिसास वाचनालयातर्फे शूद्धलेखनाची पुस्तिका देण्यात यावी.

‘शूद्ध’, दीर्घ. पेन्सिल खिशात होती.

सही केली.