बग्गीखान्याचा उंबरा

मामंजी, आज गवंडी येऊन गेला. दाराशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, ह्ये लाकूड दगडात पक्कं बसवून दिऊ का? लई हालतंय." मी नको म्हटलं आणि आत येऊन, इथंच शिकलेल्या अक्षरांत, तुम्हाला लिहायला बसले. पोचणार नाही हे माहीत असून.

लग्न होऊन पासलीहून भोरला आले, तोवर एवढं उंच दार मी फक्त किल्ल्याचं पाहिलेलं. आमच्याकडे घरात शिरायचं ते वाकून. इथं मात्र कमानीखालून घोडे, बग्गी आणि लगाम धरून वर बसलेले तुम्ही, सगळे ताठ मानेनं आत येत असणार. वाड्यावर मोटार आली, घोडे गेले, बग्गी कुठंशी विकली गेली आणि बग्गीखान्याचा हा एक खण तुम्हाला राहायला मिळाला. वर अंधारात दिसेनाशा होणाऱ्या तुळया, भिंतीत लगाम अडकवायच्या कड्या तशाच, आणि फरशीवर चाकांनी पाडलेल्या दोन खोल वाटा. चुलीपाशी पाणी सांडलं की त्या वाटांनी आपसूक बाहेर जातं. मला अजून त्याचं नवल वाटतं.

तेव्हा फक्त उंबरा नव्हता. चाकांना अडतो म्हणून बांधणाऱ्यांनी ठेवलाच नव्हता. सासूबाई वर्षानुवर्षं मागत होत्या, हळदकुंकू वाहायलाही जागा नाही म्हणून रडल्या होत्या, आणि तुमचं उत्तर ठरलेलं: "न्हाई. बग्गी परत आली तर हितनंच आत यील."

लग्नाची वरात आलीय आणि मी दारात उभी आहे. बायका कुजबुजतायत, उंबराच नाही तर माप ठेवायचं कुठं? तांदळानं भरलेलं माप हातात धरून सासूबाई अवघडून गेल्यात. मला वाटतंय, पहिलंच पाऊल अपशकुनी ठरतंय की काय. तेवढ्यात तुम्ही शिडी लावता आणि भिंतीवरची लांब सागवानी दांडी उतरवता. घोडे जुंपायची दांडी. बग्गीतलं तेवढंच तुम्ही मागून घेतलं होतं, दर दसऱ्याला तिला तेल लावायचात. ती दारात आडवी ठेवता, फेट्याच्या शेवानं पुसता आणि सासूबाईंना म्हणता, "ठिव माप. आता मानसंच येत्याल हितनं."

मी माप लवंडलं. तांदूळ चाकांच्या वाटांत ओघळले. त्या एवढ्या दारात तुम्ही मला दारापेक्षा मोठे दिसलात.

त्यानंतर बग्गीचं नाव तुमच्या तोंडून कधी निघालं नाही. ती येणार नाही हे मलाही कळतं, मामंजी. तरी गवंड्याला नको म्हणाले ते एवढ्याचसाठी, की आलीच तर दांडी उचलता यावी.