पाणघोड्याचं पोट

३ फेब्रुवारी, मंगळवार
पाणघोडा! ठरलं एकदाचं! सातवीच्या पोरांनी पाणघोडा निवडला — खरा असतो तेवढा, कागदाच्या लगद्याचा. मी हत्ती सुचवला होता, तर ‘हत्ती सगळेच करतात’ म्हणून मलाच गप्प केलं. प्रदर्शनाला हॉलच्या मधोमध उभा करायचा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, शाळेत आधीच घोडे काय कमी होते? हसू दे त्याला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
कामट्यांचा सांगाडा उभा राहिला. रद्दी भिजली, खळ शिजली, निम्मी माझ्या केसांत गेली. एका मुलीला सगळे ठेकेदारीण म्हणतात, ते उगाच नाही. कमरेवर हात ठेवून सगळ्यांना कामाला जुंपते. मलासुद्धा! नुसत्या बघत बसू नका बाई, कागद फाडा म्हणे. फाडले मुकाट्यानं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मोठ्या बाईंनी बोलावलं. प्रदर्शन झालं की चित्रकलेची खोली रिकामी करायची, तिथे नवे कॉम्प्युटर येणार. चित्रकला यापुढे आपापल्या वर्गात, बाकावर. लगदा बाकावर कालवायचा? रंगाचे डबे काय डोक्यावर घेऊन हिंडू? सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझाही नाइलाज आहे, मुलांना इतक्यात सांगू नका.

जिन्यात रडले. ही खोली म्हणजे माझं माहेर आहे. मग तासाला लगद्यात हात घातला आणि पाच मिनिटांत सगळं विसरले — कमाल आहे माझी!

१२ फेब्रुवारी, गुरुवार
कपाट आवरत होते, तर मागे ठेकेदारीण. का आवरताय? म्हटलं, सहज. तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. माझ्या पोटातलं सगळं तोंडावर दिसतं, पण ‘बरं’ म्हणून गेली. सुटले!

१६ फेब्रुवारी, सोमवार
पोरं पेटली आहेत नुसती! म्हणे पोट लहान दिसतंय. मला चांगलं गरगरीत वाटत होतं. मत घेतलं, तर मी एकटी एका बाजूला. दोन्हीकडून कामट्या वाढवल्या, वर नवा लगदा. काय पोट झालंय! माझं नाचायचंच काय ते बाकी होतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
रंग झाला. डोळे लावले. बघतोय माझ्याकडे!

२० फेब्रुवारी, शुक्रवार
दारातून जात नाही!!

आडवा केला, तिरका केला, शेपटीकडून ढकलला. शिपाईमामांनी दार बिजागऱ्यांवरून काढलं, तरी पोट अडतंच. एवढं धूड खोलीत बांधलं आणि दार एकदाही मोजलं नाही — माझी अक्कल कुठे चरायला गेली होती? मामा म्हणाले, करवत आणतो, पोट कापू. तर सगळी पोरं दाराशी मांडी घालून बसली. एकही हलेना. मी चिडले, ओरडले, आणि शेवटी त्यांच्याशेजारी मीच बसले. उद्या प्रदर्शन, आणि हॉलच्या मधोमध नुसती मोकळी जागा. जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
लोक खोलीत आले! रांग लावून! कुणाच्या तरी आजोबांनी त्याचं नाक थोपटलं. आत आलेच आहेत म्हणताना भिंतीवरची चित्रं पाहिली, मातीची भांडी हातात घेतली. एक आई मोठ्या बाईंना विचारत होती, माझ्या मुलीला इथे शाळा सुटल्यावरही थांबता येईल का? मोठ्या बाई बराच वेळ पाणघोड्यासमोर उभ्या होत्या. मी धीर करून करवतीचं विचारलं.

म्हणाल्या, “याला कापायची माझी छाती नाही. कॉम्प्युटरना दुसरी जागा बघते. राहू दे खोली तुमच्याकडे.”

मिठीच मारली त्यांना! रंगाच्या हातांनी! रागावल्या, पण हसत.

२३ फेब्रुवारी, सोमवार
ठेकेदारीण ब्रश धूत होती. आता सांगायला हरकत नाही म्हणून खोलीचं सगळं सांगितलं. म्हटलं, नशीब बघ, मी दार मोजायला विसरले म्हणून वाचलो.

मान वर न करता म्हणाली, “तुम्ही विसरलात, बाई. आम्ही पोट वाढवायच्या आधी मोजलं होतं.”